कौलं घातलेला स्लॅब

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. साइटवर चार दिवस उभं राहिलं की खिशात वाळू भरते तसे आपोआप भरतात. माझ्याकडचे बहुतेक नानांचे!

नाना म्हणजे जळगावातले आमचे इंजिनिअर. मी त्यांचा सुपरवायझर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते एका शिबिराहून एकच गोष्ट धरून आले: सिमेंटच्या भट्टीत कोळसा जळतो, त्या धुरानं पृथ्वी तापते, म्हणून सिमेंट कमी वापरायचं. बाहेर मे महिना. "नाना, जळगाव अजून तापणार?" मी विचारलं. ते हसले नाहीत, तेव्हा मलाच भीती वाटली.

*

अमळनेरजवळ आमच्या एका गिऱ्हाइकाचं, आबांचं, घर बांधायचं चाललं होतं. नानांनी तिथे वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाठवल्या. आबांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, ट्रॅक्टर फाटकातूनच परतवून लावला. "राख नदीमा सोडतस, भिंतमा नही!" मग साध्या विटा आल्या.

*

नाना हटले नाहीत. स्लॅबच्या पोटातलं काँक्रीट वजन पेलत नाही, म्हणून तिथे सळयांच्या मधे जुनी कौलं घालायची, असं ठरलं. सिमेंट किती वाचेल, आबांनी विचारलं. नानांनी हिशेब सांगितला.

"आनि पडना तं?"

"पडणार नाही, आबा."

"ते नही. पडना तं कितलामा पडी, तो भाव इचारी ऱ्हायनू."

नाना पुन्हा सिमेंटचाच हिशेब सांगू लागले.

*

स्लॅब कौलं घालूनच ओतला. मग त्याखालचं सेंटरिंग, फळ्या आणि टेकू, निघालं. स्लॅब आपल्या जागी होता. खाली गार सावली, पण मजूर भर दुपारी उन्हात डबे उघडून बसले. मिस्त्रीनं सायकलसुद्धा बाहेर काढली. मीही उन्हातच जेवलो.

*

राहायला यायच्या दिवशी अक्कांनी स्लॅबच्या हुकाला लुगड्याची झोळी बांधली, हलवायला दोरी लावून, नातवासाठी. मग नानांना म्हणाल्या, "तुमनी नातले पहिले आठे निजाडा. मंग आमना नातूले."

नाना दुसऱ्या दिवशी एसटीनं सुनेला आणि नातीला घेऊन आले. नात कडेवर घेऊन दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबले ते थांबलेच. वर पाहायचे, पोरीकडे पाहायचे.

अक्का बघत होत्या. त्यांनी पोर नानांकडून घेतली आणि सुनेकडे दिली. मग पदर खोचून आत गेल्या. अंगानं भरलेल्या अक्का त्या झोळीत पूर्ण भार टाकून बसल्या. हूक करकरला. आम्ही सगळे मागे सरकलो.

"आते या, नाना," अक्का म्हणाल्या. "दोरी ओढा."