रिद्धीचा उलटा आलेख

भावना मेहेरच्या तोंडी लागू नये, हे सातपाटीच्या बंदरावर शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बावीस वर्षं ती बोईसरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासते. शाळेत मात्र गणितात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा बाहेरून बसली, पास झाली, आणि जे जे हसले होते त्यांच्या दारात जाऊन निकाल दाखवून आली. बाईच तसली!

म्हणून शेजारच्या धर्मेश तांडेलची रिद्धी शाळा सोडून घरी बसली, तेव्हा भावना न बोलावता त्यांच्या ओटीवर जाऊन बसली. पोरीवर कॉपीचा आळ आला होता. दहावीच्या पहिल्याच चाचणीत समीकरणांचं उत्तर बरोबर आणि आलेख साफ चुकलेला. म्हणजे उत्तर बाकावरच्या शेजारणीचं ढापलं, असं सरांनी भर वर्गात ठरवून टाकलं. विचारलं एका शब्दानं नाही. रिद्धी परत गेलीच नाही. घरी शिकून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेन म्हणाली. पण फॉर्मवर बापाची सही हवी होती, आणि बापाचा सरांवर विश्वास.

"चोरी करून नाव घालवलंस," धर्मेश म्हणाला. "आता शिकून काय दिवे लावणार हायेस? कोलंबी सोलायला जा."

फॉर्मला चार दिवस उरले होते. भावना रोज कामावरून आली की चहासुद्धा न घेता पोरीला घेऊन बसायची. आलेख रोज चुकायचा.

"अगो, आकडे बरोबर, मग रेषा कुठं बोंबलत चालली?"

रिद्धी ओठ दाबून नवा कागद घ्यायची. रडली मात्र एकदाही नाही. भावनाला ते फार आवडलं.

तिसऱ्या संध्याकाळी भावनानं चाचणीतलंच गणित घातलं. एक्स अधिक वाय बरोबर तीन, एक्स वजा वाय बरोबर पाच. उत्तर आलं चार आणि उणे एक. अगदी बरोबर. आणि रेषा छेदल्या आडव्या रेघेच्या वर, जिथं वाय उणे असूच शकत नाही. भावनाचं डोकंच फिरलं.

"थांब. बोट ठेव. वायचे तीन मोज बघू, मोठ्यानं."

रिद्धीनं मधल्या शून्यावर बोट ठेवलं आणि सरळ खाली उतरली. "एक, दोन, तीन."

"खाली का गो?"

"मग? बाबा खोली मापायला दोरीनं वजन सोडतात तवा आमी खालीच मोजतो ना, काकी. तीन वाव म्हणजे पाण्याखाली तीन वाव. उणे असलं तर पाण्याच्या वर."

भावनानं कागद उचलला, वरची कड खाली करून पालथा केला आणि दाराच्या उजेडात धरला. पाठीमागून रेषा दिसल्या. जिथं हव्या तिथं, तंतोतंत.

तिला इतका संताप आला की कानशिलं तापली. पोरीनं सगळं स्वतः सोडवलं होतं. फक्त एक सवाल कुणी विचारला असता, तर हे रामायण झालं नसतं.

धर्मेश अंगणात जाळं शिवत बसला होता. भावना त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वाव कुठून मोजतोस रे?"

"पाण्यावरून खाली. का?"

"ही पण तशीच मोजते. तूच शिकवलंयस. तू शिकवलेलं खरं मानलं म्हणून तिला चोर ठरवलीत, तू आणि तुझ्या त्या सरांनी!" तिनं कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि एकेक टिंब बोटानं दाखवलं.

धर्मेशनं मधल्या शून्यावर बोट ठेवून स्वतः खाली मोजून पाहिलं. मग हातातली सुई जाळ्यात खोचून म्हणाला, "आण तो फॉर्म. सही करतो."

रिद्धी दारात उभी होती, फॉर्म हातात. पुढं आली नाही.

"परीक्षेत मी वर मोजीन," ती म्हणाली. "शिकले आता. पण आधी तुमी बोला."

"काय बोलू?"

"चोरी नाय केली, ते."

भावनाला हसूही आलं आणि डोळेही भरले. ती मध्ये पडली नाही. शेजारच्या ओटीवरच्या बायका सुपं खाली ठेवून बघत होत्या. धर्मेशनं त्यांच्याकडं पाहिलं, आवाज खाली घेतला. "नाय केलीस."

"सर वर्गात सगळ्यांसमोर बोलले होते," रिद्धी म्हणाली. जागची हलली नाही.

धर्मेश उठून उभा राहिला. बोटीवरून हाळी देतो त्या आवाजात म्हणाला, "माझ्या पोरीनं चोरी नाय केली!"

मग तिनं फॉर्म दिला.