तळ्याकाठचं धुतलेलं गवत

केदारखेड्यात झुंबरबाईइतकी किळस कुणालाच येत नसे. लेकराचं नाक वाहिलं की ती तोंड फिरवी. ताकात माशी पडली की ताक तांब्यासकट उकिरड्यावर. अशा बाईनं शेळ्या पाळाव्यात याचंच गावाला नवल. शेजारच्या उषाबाईच्या शेळ्यांनी तोंड लावलेला तुरीचा भुसा तिनं आपल्या दोघींना कधी घातला नाही. भर उन्हाळ्यात ती गावतळ्याच्या काठचं हिरवंगार गवत कापी, तिथंच पाण्यात खळखळून धुई आणि मगच दावणीला टाकी.

"आता त्यांला ताटवाटीबी मांडा," उषाबाई म्हणायची.

मोठी शेळी खंगत गेली आणि एका सकाळी मेली. धाकटी रतन गाभण होती, तिच्याही जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागलेली. नवऱ्यानं, बद्रीनाथनं, भोकरदनहून जनावरांचे डॉक्टर आणले.

डॉक्टरांनी मेलेली शेळी बांधावर फाडली. झुंबरबाई नाकाला पदर लावून लांब उभी राहिली, पण रतनसाठी पाहणं भाग होतं. काळीज, म्हणजे यकृत, चिरून दाबलं तसे त्यातल्या नळ्यांमधून पिवळ्या चिकट रसाबरोबर चपटे जंत बाहेर आले. मातकट, तुळशीच्या पानाएवढे. काही अजून वळवळत होते. ती बांधाआड जाऊन भडाभडा ओकली.

"चारा कुठला घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तळ्याचा. पण धुऊन घालते, साहेब."

"धुऊन जात नाही हे. तळ्यातल्या गोगलगायींत यांची पिल्लं वाढतात, मग गवताला चिकटून बसतात. गवत पोटात गेलं की जंत काळजात. लेंड्यांतून अंडी पुन्हा पाण्यात. हिला औषध पाजतो, पण तळं बंद. कोरडा चारा घाला, आणि पंधरा दिवसांनी लेंड्या आणून दाखवा."

जंतांची शिसारी होतीच. आता तिला स्वतःच्या हातांचीही आली. याच हातांनी तिनं ते विष रोज, लाडानं, भरवलं होतं.

संध्याकाळी ती टोपलं घेऊन उषाबाईच्या दारात उभी राहिली. "तुमच्या शेळ्यांचा उरला भुसा असंल तर द्या."

"उष्टा चालतो का मंग?" म्हणत उषाबाईनं टोपलं भरून दिलं.

पंधराव्या दिवशी झुंबरबाई लेंड्यांची पुडी मांडीवर घेऊन भोकरदनच्या बसमध्ये बसली. शेजारची बाई नाक मुरडून सरकली. झुंबरबाईला राग आला नाही, तीही सरकली असती. डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या. अंडी नव्हती.

महिन्याभरानं रतन व्याली. पिलू चिकट पडद्यात गुरफटलेलं, नाकातोंडात शेंबूड भरलेला, श्वास घेईना. रतनला उठायचंही त्राण नव्हतं. बद्रीनाथ शेतात गेला होता. झुंबरबाईला उमासा आला, तो तिनं तसाच गिळला आणि पिलाच्या नाकात बोट घातलं. तार ओढत शेंबूड निघाला. पुन्हा घातलं. पिलू शिंकलं, सगळं तिच्या तोंडावर.

तिनं तोंड फिरवलं नाही. पिलू कासेला लागल्यावर ती हात धुवायला निघाली. तळं जवळ होतं. ती लांबच्या हापशावर गेली.