काडेपेटीएवढा सोफा आणि आईची खोली

मंडळी, एक गंभीर तक्रार आहे. घर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आज सकाळी मी सोफा ठेवला, तर तो काडेपेटीएवढा दिसला. संस्कृत शिकलेल्या माणसाचा संगणकाने इतका अपमान करू नये.

प्लॉटचा नकाशा स्कॅन करून मीच त्यात घेतला होता. मापासाठी समोरच्या बाजूवर रेघ ओढली आणि लांबी लिहिली तीस. नागपुरात प्लॉट फुटांतच बोलतात, ते वेगळं काय सांगायचं? सॉफ्टवेअरने मीटर धरले. वामनाचा त्रिविक्रम झाला. त्या जागेत मी झोपाळा, दोन आंबे आणि आईची ऐसपैस खोली बसवली.

तेवढ्यात कुहीहून आईचा फोन. "माही खोली केवढी हाय गा?"

"मोठी आहे," मी म्हणालो.

फोन ठेवला तर मागे बायको. "काहून जी, शेजाऱ्याचा प्लॉट पण घेतला का?"

मीटरचे फूट केले, तसा प्लॉट आक्रसला आणि दोन्ही आंबे शेजाऱ्याच्या अंगणात गेले. मग प्लॉटची मागपर्यंतची लांबीही ताडून पाहिली, पन्नास फूट बरोबर आली. तुम्हीही एकाच मापावर विसंबू नका. आता नकाशा चोख आहे, कोणीही तपासावा.

फक्त आईच्या खोलीत पलंग ठेवला की तिचा वॉकर वळत नाही. जिना सरकवून बघेन, पार्किंग कमी करेन. पण तिला फोन करून खरं माप सांगायचं आहे, आणि दुपारपासून ते मला जमलेलं नाही. "मग राहते मी इथंच" असं ती म्हणेल, याची भीती वाटते.