रंजिताचा मुठीचा डबा

खालच्या घरातून भात करपल्याचा वास पुन्हा वर आला, तेव्हा मी चपला न घालताच जिना उतरलो. माझा स्वभावच तसा आहे. सत्तरी उलटली तरी कुकरच्या आधी माझी शिट्टी होते, असं वीणा म्हणते. ती माझी बायको, त्यामुळे तिला तसं म्हणायचा अधिकार आहे.

खाली दयानंद राहतो. निपाणीकडचा. इथे बंगळुरात, यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून त्याची नोकरी संपली आणि आमच्या तळमजल्यावर राहून त्याचे केस पिकले. तो ख्रिस्ती. मी साताऱ्याचा, सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, जन्माने हिंदू, पण घरातल्या देवांनाही फारसा त्रास न देणारा. या गल्लीत मराठीतून वाद घालता येईल असं दुसरं माणूस नाही, त्यामुळे आमचं जमलं.

दारातून पाहतो तर हा उलथन्याने पातेल्याचं बूड खरवडत उभा. कोपऱ्यावर चांगलं हॉटेल असताना हे उद्योग कशाला, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्याने ओट्यावरच्या निळ्या डब्याकडे मान वळवली. मूठ काढायची असते, म्हणाला.

तो डबा मला माहीत होता. दयानंदची बायको रंजिता भाताला तांदूळ घेतला की धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून त्या डब्यात टाकायची. टाकताना कुणाचं तरी नाव घ्यायची. कधी आजारी शेजारीण, कधी कामावरून काढलेला कुणी, कधी नुसतीच उदास दिसलेली भाजीवाली. नाव घेऊन देवाशी दोन वाक्यं बोलायची. दयानंद तिच्या मागे डोळे मिटून उभा असायचा आणि शेवटी आमेन म्हणायचा. महिनाअखेरीस डबा त्यांच्या चर्चच्या मराठी मंडळीत जायचा. ही मंडळी रविवारी दुपारी भरते, कारण सकाळी ते चर्च कन्नड मंडळीकडे असतं. घरोघरचे डबे तिथे एका पोत्यात रिकामे होतात आणि तो तांदूळ ज्याला नड असेल त्याच्या घरी पोचतो. मुठीमुठीने स्वर्गाचा जिना बांधतेस की काय, अशी मी रंजिताची थट्टा करायचो. उद्याच्या मुठीला तुमचंच नाव घेते, असं ती मला धमकवायची.

थंडीत ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात सगळं संपलं. मला तिची फार आठवण येते. दयानंदचं काय होत असेल, हे मी विचारायला धजलो नाही.

तो हॉटेलात जेवू लागला. घरात भात नाही, म्हणून मूठ नाही. महिना सरत आला तसा तो बेचैन झाला, कारण रंजिताचा डबा रिकामा जाणं त्याला सोसवत नव्हतं. शेवटी त्याने दुकानातून पिशवीभर सोना मसुरी तांदूळ आणला आणि डबा काठोकाठ भरून टाकला. मंडळीत डबे रिकामे करून घेणाऱ्या गोजराबाई आहेत, बऱ्याच वयाच्या. त्यांनी डब्यात हात घातला आणि तो तिथेच थांबला. मुठीचा तांदूळ कधी एकसारखा नसतो. थोडा रेशनचा, थोडा जुना, थोडा सणाला आणलेला बारीक, असा मिसळलेला असतो. हा सगळा एका पिशवीतला, पांढराशुभ्र. गोजराबाईंनी तो पोत्यात ओतला, चारचौघांत काही बोलल्या नाहीत आणि डबा परत देताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे दान झालं. दान चांगलंच असतं. पण मूठ आपल्या ताटातनं कमी व्हायला पाहिजे."

म्हणून हा सगळा खटाटोप. मूठ काढायची तर भात टाकायला हवा, आणि भात टाकला तर तो करपलेला का होईना, खायला हवा. मी त्याला साफ सांगितलं की मन लागत नसताना असलं काही करणं म्हणजे नुसती कवायत. आत काही नसेल तर देव काय तांदूळ मोजत बसणार आहे? तो रागावला नाही. त्याने पातेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाला, "मन न्हाईच लागत, अण्णा. म्हणून तर हाताला लावलंय."

मग खरं काय ते बाहेर आलं. रंजिता गेल्यापासून त्याला प्रार्थना करता येत नव्हती. मूठ डब्यात पडायची, पण ओठ हलायचे नाहीत. सकाळी उठून बायबल उघडायचा, एक स्तोत्र मोठ्याने वाचायचा, ते जमायचं. दुसऱ्याचे शब्द होते ते. स्वतःचा एक शब्द येत नव्हता.

"जन्मभर मी आमेनच म्हटलं," तो म्हणाला. "बोलायची ती. आता कुणाच्या बोलण्याला आमेन म्हणू?"

मी पातेलं घासून दिलं.

त्याचा मुलगा राजस एचएसआर लेआउटमध्ये राहतो. मुलगा चांगला आहे. बाबांनी आपल्याकडे यावं, तिथे स्वयंपाकाला बाई आहे, असं तो दर रविवारी सांगायचा. दयानंदने ईस्टरपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर प्रार्थनेला तोंड उघडलं तर या घरात उपासना चालू आहे असं समजायचं आणि इथेच राहायचं. नाहीतर डबा गोजराबाईंना देऊन मुलाकडे जायचं. मला हे मुळीच पटलं नाही. देवाला कसली मुदत घालतोस, असं मी त्याला म्हणालो. देवाला नाही, मलाच घातली आहे, असं त्याचं उत्तर.

पुढचे आठवडे मी पेपर घ्यायला उतरलो की तो दिसायचा. स्तोत्र वाचायचं, तांदूळ घ्यायचा, मूठ काढायची, डब्यापाशी थोडा वेळ गप्प उभं राहायचं, मग कुकर. सर्दीने डोकं धरलेलं असलं तरी तेच, आणि आदल्या दिवशी माझ्याशी कडाक्याचा वाद झालेला असला तरी तेच. भात सुधारत गेला. आधी गिचका झाला, मग जरा कच्चा, मग एकदा चक्क मोकळा. तोंड मात्र उघडलं नाही. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. एवढं करून काही होत नसेल तर सोडून दे, असं रोज ओठांवर यायचं.

गुड फ्रायडेच्या दुपारी वीणाच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात ठेवून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन ठरलं. तिचे कपडे न्यायला आणि दोन घास खायला म्हणून शनिवारी दुपारी मी घरी आलो. आमची मुलगी देवश्री पुण्याहून निघाली होती, पण ती पोचायला वेळ होता.

खालचं दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत दयानंदची बॅग भरून ठेवलेली, कारण सकाळी राजस गाडी घेऊन येणार होता. डबा अजून ओट्यावर होता. मी ऑपरेशनचं सांगितलं.

"स्वल्प थांबा. जेवून जावा," तो म्हणाला आणि त्याने दोघांपुरता तांदूळ घेतला.

मूठ काढली. हात डब्यावर नेला आणि तिथेच राहिला. मी त्याच्या पाठीमागे उभा होतो.

"प्रभू," तो म्हणाला. कुणीतरी रस्त्यात स्कूटर सुरू करत होतं. "प्रभू, वीणावैनींचं आज ऑपरेशन हाय. त्यांस्नी सांभाळ. अण्णास्नी पण सांभाळ, ते लई घाबरल्यात."

मूठ उघडली. तांदूळ डब्यात पडला.

तो डोळे मिटून तसाच उभा. मला वाटलं, आता वळेल, कुकर लावेल. तो हलेना. कशाची तरी वाट बघत होता, आणि कशाची ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या घरात मागे उभ्या असलेल्या माणसाचं एक काम असायचं.

"आमेन," मी म्हणालो.

त्याने बाहीने डोळे पुसले, तांदूळ धुतला आणि कुकर चढवला. मग फोन घेऊन राजसला लावला. उद्या जेवायला ये, म्हणाला. न्यायला नको.