व्याह्यांचं गाऱ्हाणं

ऑस्ट्रेलियाचं सरकार व्हिसाचा कुठलाही नियम बदलतं तेव्हा तो आधी रोह्यात कळतो आणि मग त्यांच्या राजधानीत, असं माझं ठाम मत झालं आहे. याला कारण आमचे व्याही. रोह्याच्या केमिकल कंपनीत उभा जन्म शिफ्टमध्ये काढलेला हा गृहस्थ रिटायर झाल्यावर शांत बसेल, भजनाला जाईल, निदान वालाच्या शेंगा तरी सोलेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांची लेक, म्हणजे माझी सून, पर्थच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून लागली, तिच्यामागोमाग माझा मुलगा गेला, आणि व्याह्यांनी परक्या देशाचं अख्खं खातं बिनपगारी सांभाळायला घेतलं.

कंपनी ज्याला बोलावते त्याचा हा व्हिसा. ती कंपनी म्हणजे स्पॉन्सर. ती आहे तोवर तुम्ही आहात, मुदत काही वर्षांची, आणि सरकारच्या यादीत ज्याचं काम बसतं त्यालाच तो मिळतो. एवढं मला कळतं; खरं तर एवढंही कळायची मला काही गरज नव्हती. पण व्याह्यांना उलट बोलायची सोय नसते. ते पेणला आमच्या रामवाडीच्या घरी आले की चहा निवेस्तोवर नियम ऐकावे लागतात. "विहीणबाई, आता दोन वर्सांचा अनुभव नाय लागत, एका वर्सात भागतंय." जशी काही मी बॅग भरून दारातच उभी! रोह्याच्या एसटी स्टँडवर तर ते कुणालाही धरतात. एकदा मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्यांनी पगाराची किमान अट समजावून सांगितली. ती बिचारी सगळं ऐकून म्हणाली, "दादा, बोंबील घेनार का नाय?" तिथल्या मंत्र्याबद्दल ते भाऊबंदातल्या माणसासारखं बोलतात. "मानूस वाईट नाय हो तो, पन त्याचं ऑफिसात कोन ऐकत नाय."

पण त्यांची खरी कमाल देवळात. आमच्याकडे कामाला यश यावं म्हणून ग्रामदेवापुढे नारळ ठेवतात आणि गुरव मोठ्यानं देवाला गाऱ्हाणं घालतो. सून पहिल्यांदा अर्ज करत होती तेव्हा व्याह्यांनी 'माझ्या लेकीला व्हिसा मिळू दे' एवढंच घालायला सांगितलं. तिचा व्हिसा आला. माझ्या मुलाचा अडकला. अख्खा पावसाळा तो पेणला पंख्याखाली बसून होता. तेव्हा व्याही नवी टोपी घालून खास माफी मागायला आले. "चूक माझी हाय. देवाला जावयाचं नाव सांगायचं ऱ्हायलं." मी म्हटलं, "अहो, देवाला ठाऊक नसेल का?" तर म्हणाले, "त्याच्यापुढं किती फायली असतात, विहीणबाई."

त्यानंतर त्यांनी ढिलाई म्हणून केली नाही. नियम बदलला की गाऱ्हाणं बदलतं. म्हातारा गुरव घाम पुसत म्हणतो, "बा म्हाराजा, या लेकराच्या लेकीचा स्पॉन्सर शाबूत ठेव, तिचं काम यादीतून काढू नको, जावई तिच्या व्हिसावर डिपेंडंट हाय त्याचाबी विचार कर," आणि मागे आपापले नारळ घेऊन ताटकळलेली माणसं कंटाळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि एवढं करून स्पॉन्सरच बुडाला. सुनेची कंपनी बंद पडली. पूर्वी दुसरी कंपनी शोधायला जेमतेम दोन महिने मिळायचे, नव्या नियमात सहा मिळतात. तेवढ्यात नाही मिळाली तर गाशा गुंडाळून घरी. हे सांगायला व्याही पहिल्या एसटीनं पेणला आले. "सहा म्हयने हायत, घाबरू नका," असं परत परत म्हणत राहिले. चहाला हात लावला नाही. मी घाबरले नव्हते, हेच तर माझं दुखणं होतं. नात तिकडेच झालेली, व्याह्यांनी आणि मी तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. येऊ देत की घरी, असं सारखं मनात येत होतं. तिकडे सून अर्जांवर अर्ज टाकून टेकीला आलेली, आणि इकडे सासूच्या मनात हे! लाज वाटत होती, पण येत होतं खरं.

त्या रविवारी नारळ ठेवायला त्यांनी मलाही नेलं. गुरव तयारीत होता. "यादी, स्पॉन्सर, डिपेंडंट, नेहमीचंच ना? आज मुदतीचंबी घालू?" व्याही नारळाची शेंडी कुरवाळत राहिले. गुरव थांबला, मागची रांग थांबली. "सांगा की," मी हळूच म्हटलं.

"तुमीच सांगा, विहीणबाई."

मी काय सांगणार, कप्पाळ! दोघंही देवाकडे बघत उभे. शेवटी ते गुरवाला म्हणाले, "नुसता नारळ ठेव. आज काय मागायचं नाय." मागच्यांनी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि आम्ही बाहेर पडलो.

मुदत सरत आली तेव्हा सुनेला नवी कंपनी मिळाली. व्याह्यांनी रोह्यात पेढे वाटले, मग एसटीत वाटले, आणि उरलेला पुडा घेऊन माझ्याकडे आले. "पोरांचं काम झालं. आता चार वर्सं बघायला नको."

"फार चांगलं झालं हो," मी म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला. आनंदाचंच पाणी, असं धरून चालू. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "चार वर्सांत नात शाळंत जाईल, नाय?"

तेव्हा मात्र मी व्याहीबिही बघितलं नाही. म्हटलं, "अहो, साऱ्या रोह्याला व्हिसा शिकवता, मग स्वतः जाऊन या की एकदा! नुसतं भेटायला जायचाही असतो ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"असतो की. सगळ्यांत सोपा तोच." ते पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "पन त्याची पहिली अट परत यायची हाय, विहीणबाई. नातीला एकदा उचलून घेतल्यावर ती माझ्यानं पाळवंल असं वाटत नाय."