आप्पांचं द्राक्षासव

माझ्या सासऱ्यांना दारू मी पाजली. ते त्यांच्या गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष आहेत.

हे मुद्दाम केलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. आमच्या कारखान्यातल्या शिंदेला वाइनचा नाद लागला होता. पोर्ट म्हणजे मुळात पोर्तुगालची, ब्रँडी घालून कडक केलेली गोड वाइन. पण शिंदेनं जमवलेल्या तिन्ही बाटल्यांनी पोर्तुगाल पाहिलाच नव्हता. एक गोव्याची, एक ऑस्ट्रेलियाची, एक दक्षिण आफ्रिकेची! रविवारी आम्ही चौघांनी एकेक घोट घेऊन कोण सरस ते ठरवायचं होतं. तोवर बाटल्या ठेवायच्या कुणाकडे?

"दिलीपकडे," सगळे म्हणाले. "त्याच्यावर कोण संशय घेणार?" (हे मला कौतुक वाटलं. असा मी.)

कारेगावच्या आमच्या घरी द्राक्षासवाच्या रिकाम्या बाटल्या नेहमीच असतात, कारण सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, पोटासाठी रोज दोन टोपणं लागतात आणि ते वरचेवर आमच्याकडे राहायला येतात. बायको मंगल माहेरी भांडगावला गेली होती. मी तिन्ही पोर्ट त्या बाटल्यांत ओतल्या, ओळखायला गळ्यात लाल, पिवळा, हिरवा दोरा बांधला, आणि फडताळात मागे ठेवून दिल्या. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की त्या रात्री झोपेत हसलो असेन.

शनिवारी पहिली पाळी करून घरी आलो तर मंगल परत आलेली, आणि सोबत आप्पा! पुढच्या खोलीत खुर्चीवर, टोपी किंचित तिरकी, समोर तीन बाटल्या.

"या, दिलीपराव! कुठल्या वैद्याकडनं आणलं म्हणायचं हे?"

माझ्या पायातली एक चप्पल पायातच राहिली.

"तिन्हीतलं घेतलंत, आप्पा?"

"मंग! जावयानं तीन परकारचं आणून ठेवलंय, एकच कसं घ्यायचं?" आप्पांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक गोड वस्तू ते गुळावर तोलतात. "ह्यो लाल दोऱ्याचा, नुसती काकवी हाय. पिवळा म्हंजी पहिल्या काहिलीची ढेप, वा! आन् ह्यो हिरवा, जरा करपलाय. पण काय बेस करपलाय, दिलीपराव!"

(हिरवा आफ्रिकेचा. शिंदेचा सगळ्यात लाडका!)

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मंगलनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे भरले होते.

"अहो, आप्पा किती खूश झालेत! लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही पहिल्यांदाच त्यांच्यासाठी आपणहून काहीतरी आणलंत."

आता सांगा, कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले, "मला गावाला सोडा. समितीची बैठक हाय. बाटल्याबी घ्या, सगळ्यांची पोटं बिघडल्याली हायती." गाडी मी चालवत होतो. हायवेवरचं चौफुला गाव आलं तरी मी नुसते गिअर बदलत होतो. आप्पा मात्र समितीचा नियम समजावून सांगत होते.

"गावात कुणी बाटली आणली की त्यानं देवळाच्या भोंग्यावर 'चुकलो' म्हणायचं. पार हायवेपतूर ऐकू जातंय. मानूस पुन्हा आणत न्हाई."

"चांगला नियम आहे," मी म्हणालो.

देवळाच्या मंडपात पाच म्हातारे जमले. हायवेलगत दारूचं दुकान निघणार होतं, त्याला विरोध करायचा होता. आधी प्रत्येकाला दोन टोपणं. मग गुण आला म्हणून आणखी दोन. बांधावरून अबोला धरलेले दोन चुलतभाऊ एकमेकांना "तू घे," "न्हाई, आधी तू घे," करायला लागले. विरोधाचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. लगेच दुसरा ठराव आला: गावकऱ्यांची दारू सुटावी म्हणून समितीनं घरटी एक बाटली द्राक्षासव वाटावं!

"हेच! हिरव्या दोऱ्याचं!"

"जावई, वैद्याचं नाव सांगा, भोंग्यावरच सांगा. समद्या गावाला कळंल!"

आणि माईक माझ्या हातात आला. आता गप्प बसलो तर अख्ख्या गावाला पोर्ट लागणार होती.

"मी दिलीप, आप्पांचा जावई," मी म्हणालो. भोंग्यानं ते दुप्पट मोठ्यानं म्हटलं. "वैद्य नाही. ती दारू होती. चुकलो."

आप्पा उठले, टोपी सरळ केली आणि माझ्या हातून माईक घेतला. "मीबी चुकलो," म्हणाले. मग एकेक करून पाचही म्हातारे म्हणाले. (शेवटच्यानं "पण थोडंच," अशी पुस्ती जोडली.)

बैठकीनंतर मी आप्पांना गाडीतून त्यांच्या घरी सोडायला निघालो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दारूचं जाऊ द्या. म्हंजी माझ्यासाठी आणलंच नव्हतं तर."

भोंग्यावर जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी तिथं वाटली. "नाही, आप्पा. माफ करा."

पुढच्याच आठवड्यात मी खास त्यांच्यासाठी, खरं, शुद्ध द्राक्षासव घेऊन भांडगावला गेलो. आप्पांनी टोपणभर घेतलं, जिभेवर घोळवलं आणि डोळे मिटले.

"न्हाई, दिलीपराव," ते हळहळले. "ह्यो वैद्य कच्चा हाय."

मी पुन्हा माफी मागितली.