अक्काला आलेली सूज

पंचमीच्या आदल्या दिवशी कासार आमच्या ओसरीवर बांगड्यांचं गाठोडं सोडून बसला होता. पुसेगावची गोष्ट… निजामाचं राज अजून दोन-तीन वर्षं चालायचं होतं. मी तेरा वर्षांची.

माझी थोरली बहीण, अक्का, कुरुंद्याहून सणाला माहेरी आली होती. लग्नात काडीसारखी होती, आता आली ती गाल भरून. त्यात अन्नाचा वास नको, सकाळी उलट्या… बाया काय समजायचं ते समजल्या. मायनं तर लोणचं अन् खारवलेल्या मिरच्या तिच्या ताटात वाढायचा सपाटाच लावला.

कासारानं बांगडी चढवायला अक्काचा हात दाबला आणि थांबला. बोट उचललं तरी खड्डा तसाच…

"माय, हे मास न्हाई, पाणी हाय. वैदाला दाखवा पोरीला."

"भरल्या पोरीला नजर लावून राहिला का रे? मोठं माप काढ अन् गप भर!"

"काढतो की. पण म्या हजार हात दाबले, असा न्हाई पाहिला."

"मंग आता पाहून घे!" माय म्हणाली, अन् ओसरीभर हशा झाला. अक्काही हसली.

दुपारी परसात आम्ही दोघीच होतो. अक्का हळूच म्हणाली, "ताने, लघवीला दिवसातून एकदाच होते गं… तेबी चूळभर. फेस येतो त्याला. कुणाला सांगू नको, लाज वाटते."

"मायला बी न्हाई?"

"मायला तर न्हाईच. किती खुशीत हाय ती."

मी गळ्याची शपथ घेतली. आणि पाळली… तिथंच चुकलं माझं.

पंधरा दिवसांत तिला बसल्या जागी दम लागू लागला. बैलगाडीत घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, लघवी कधीपासून कमी आहे? माय म्हणाली, ठाऊक नाही. मग मी दाराशी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली. पोटात लेकरू नव्हतंच.

माझी नात नर्सिंग शिकते. तिनं मला नीट समजावलं. हगवण-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं किंवा रक्त फार गेलं, की किडन्या दोन-चार दिवसांतही बंद पडतात. वेळेत सावरलं तर बऱ्याचदा पुन्हा चालू होतात. दुसरा आजार महिनोन्महिने, वर्षानुवर्षं आतून पोखरत राहतो, आणि ध्यानात येईतो उशीर झालेला असतो. अक्काचा हाच असावा.

"आजी, तेव्हा यावर इलाजच नव्हता," असं नात म्हणते. खरं असेल बाई… पण मीठ तरी तोडलं असतं, अंगात पाणी कमी साठलं असतं. एवढी धाप लागून गेली नसती माझी अक्का.

नातीच्या वर्गातल्या पोरींसाठी हे लिहिलं. मी शाळा पाहिली नाही, लेकरांच्या पाटीवर बघून अक्षरं शिकले, तेव्हा चुका पदरात घ्या.

पोरींनो, बाईमाणूस सूज दाखवेल, धाप दाखवेल, पण लघवीचं सांगणार नाही. तिला बाजूला घेऊन मायेनं तुम्हीच विचारा… आणि "कुणाला सांगू नका" म्हणाली, तरी डॉक्टरांना सांगा.